ताटातली हळद

आबा गेले त्या जागी आईनं पाटावर दिवा ठेवला. मुंग्या लागू नयेत म्हणून दिव्याखाली पाण्याचं ताट, पाण्यात चिमूटभर हळद. त्याच पाटावर आबांचा चष्मा आणि मोबाइल. फौजेत तोफांपाशी राहून माझ्या वडिलांचे कान अधू झाले होते, रिंग ऐकू यायची नाही, त्यामुळे फोन कायम व्हायब्रेटवर, खिशात, छातीशी. ते गेल्यावरही आई तो नेमानं चार्ज करायची. तिला फोन उचलता येतो, वाचता येत नाही.

तिसऱ्या दिवसाचं उरकून मी कराडला कॉलेजात नोकरीवर परतले. परीक्षा होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या घरात मला बसवत नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी चुलतीच्या फोनवरून आई बोलली. "पोरी, रोज चारच्या सुमाराला येत्यात गं. धार काढून आत आले की ताटातली हळद वेटोळी घालून बसलेली असती."

आबा चारलाच गेले होते, आई गोठ्यात असताना. त्यांनी हाक मारली असेल आणि आपण गेलो नाही, या विचारानं तिला पोखरलं होतं. "रागानं येत्यात का मायेनं, येवढं कळू दे," म्हणाली.

मी मनावर घेतलं नाही. हेच तर मी शिकवते. काचेवर पाण्याचा पातळ थर, त्यात पूड, खाली स्पीकर. आवाज पाण्याला नुसता हलवत नाही, ढकलतो. थरात बारीक भोवरे फिरतात, पूड वाहत जाऊन रेघा धरते. मुलं दर वर्षी तोंडाचा आ करतात. शेजारची मोटर चालू असेल, एवढंच मला वाटलं.

दहाव्याला गेले, तेव्हा चारच्या आधीच ताटापुढं बसले. पाच वाजले. हळद जागची हलली नाही. दारात उभी असलेली आई चिडून म्हणाली, "तू बसलीस म्हनून आलं न्हाईत."

तेव्हा कुठं ध्यानात आलं, आज मी फोन लावला नव्हता. चारच्या चहाला मी आबांना फोन करायची. ते गेले त्या दिवशीही केला होता; उचलला नाही म्हणून चरफडले होते. नंतरही रोज लावायची, रिंग संपेपर्यंत ऐकत बसायची. तिकडं फोन पाटाला हलवायचा, पाट ताटाला, ताट पाण्याला. आबांना रोज घरी आणत होते ती मीच. स्वतःचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी आई गोठ्यात गेलीच नाही, ताटावर डोळे लावून बसली. कालपासून तिच्या पोटात अन्न नव्हतं. खरं सांगायचं ठरवून मी तिच्याजवळ गेले, तिचं तोंड पाहिलं आणि मागच्या दारानं परसात आले. चार वाजले होते. फोन लावला.

चौथ्या रिंगला तो उचलला गेला.

"आवं," आई हलक्या आवाजात म्हणाली, "धार अर्धी टाकून आले असते की. हाक ऐकूच आली न्हाई. रागावलासा?"

मी ओढणी तोंडावर दाबली. आई, मी आहे, एवढं म्हणायला वेळ होता. तो मी जाऊ दिला.

"बरं," ती म्हणाली. "मंग जावा आता. मी जेवती."