भाऊरावांच्या वाटणीचं गाव

नियम माझाच, खोटं कशाला बोलू? घाटकोपरच्या आमच्या 'सहाचा ठोका' मंडळात आम्ही चौदा जण. रोज पहाटे बागेला फेऱ्या मारतो आणि वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, गाडी करून खेड्याकडे चालायला जातो. तिथे जेवायला बसलं की प्रत्येकाने आपल्या गावचं काहीतरी काढायचं. आधी गावाचं नाव सांगायचं, मगच डबा उघडायचा. मी परबांची पद्मजा, वेंगुर्ल्याकडची. सुकटीची चटणी नेते आणि गावाबद्दल अर्धा तास बोलते.

भाऊराव गायकवाड दर वर्षी स्टेशनाबाहेरून घेतलेली डझनभर केळी काढायचे. गाव विचारलं की म्हणायचे, "घाटकोपर!" सगळे हसायचे, मी सगळ्यात मोठ्याने. "अहो, घाटकोपर काय गाव झालं? बाजार म्हणा, भाऊराव!"

माणूस तसा लाखात एक. टेलिफोन खात्यात खांब चढण्यात जन्म गेला, आता सहासष्टाव्या वर्षीही आमच्या पुढे चालतात. कोणाचा गुडघा धरला तर त्याची पिशवी आपल्या खांद्यावर घेतात. मे महिना आला की मात्र गप्प होतात. त्यांची बायको लता एकदा म्हणाली होती, "लहानपणी अख्खी चाळ कुलपं लावून गावाला जायची गं. हे एकटेच गॅलरीत गोट्या खेळत बसायचे." मी ऐकलं आणि सोडून दिलं.

यंदा बदलापूरच्या पुढे एका खेड्यात उतरलो. माझा गुडघा कुरकुरत होता म्हणून भाऊराव माझ्यासोबत मागे राहिले. एका अंगणात म्हातारी वालाच्या शेंगा निवडत बसली होती. भाऊराव कुंपणापाशी थांबले. मी चार पावलं मागे चप्पल झटकत होते.

"कुनाकडं आलास रं?" म्हातारीने विचारलं.

"इथलाच मी, मावशी. लहानपणीच मुंबईला गेलो."

मी थक्क! काय थाप मारतोय हा माणूस!

"कुनाचा तू?"

"गणपत गायकवाडांचा."

म्हातारीने डोळे बारीक करून बघितलं. मग म्हणाली, "आसंल बाबा. लई मानसं गेली मुंबईला." आणि सुपातल्या शेंगा त्यांच्या रुमालात ओतल्या. "गावचं हाय, ने घरी."

त्यानंतर ते असे चालले की बघत राहावं. माझा गुडघा दुखतोय हे विसरून मला म्हणत होते, "ताई, ही वाट काय झकास आहे ना? हा करंज बघितलात?" जसं काही मला स्वतःचं घर दाखवत होते.

जेवायला बसलो. भाऊरावांची पाळी आली, तर केळी नाहीत. रुमाल सोडला, वालाच्या शेंगा. मला राहवेना. जिभेला हाड नाही ना माझ्या! "सांगा आता गाव! म्हातारीला तर इथलाच म्हणून सांगितलंत. खोटं बोलून शेंगा लाटल्या यांनी!"

हशा पिकला. भाऊराव हसले नाहीत. रुमालाची गाठ पुन्हा बांधायला लागले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "शेंगा परत देऊन येतो."

"अहो, मस्करी केली हो..."

"नाही ताई, खरं सांगतो. मला गाव आहे. नाव माहीत नाही. कागदावर नुसता जिल्हा. बाबा म्हणायचे, ज्या विहिरीवर आपल्याला पाणी भरू दिलं नाही, त्या गावाचं नाव या घरात घ्यायचं नाही. आई त्यांच्या आधी गेली, तिनेही सांगितलं नाही. शेवटच्या दिवशी मी बाबांचे पाय धरून विचारलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं."

माझ्या चटणीचा डबा मी पटकन बंद केला.

"तुम्ही सगळे गावाला जाता, मला हेवा वाटतो. पण मला तिथे राहायचं नाही हो, जमीन नको, काही नको," भाऊराव म्हणाले. "बाबांसाठी एकदा त्या विहिरीपाशी उभं राहून चार शिव्या द्यायच्या आहेत. त्यालासुद्धा नाव लागतं ना, ताई?"