म्हशीला पाठ झालेलं इंग्रजी

आत्तीला, म्हणजे वडिलांच्या बहिणीला, नर्सिंगच्या प्रशिक्षणाला जायचं होतं आणि दहावीचं इंग्रजी आडवं आलं होतं. नवरा वारल्यावर ती पेठ वडगावजवळच्या आमच्या गावी परत आली होती. त्या विषयात दोनदा नापास झालेली. या ऑक्टोबरला सुटली तर सुटली, नाहीतर कायमचं शेण-पाणी, असं घरात ठरून गेलं होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा नववीत होते.

शाळेत सरांनी नुकतंच अॅक्टिव्ह-पॅसिव्ह शिकवलं होतं. काम तेच, पण माणसाकडून सांगायला सुरुवात करा नाहीतर वस्तूकडून, दोन्ही खरंच! मी तर हरखूनच गेले होते. घरी आल्या आल्या दप्तरही न काढता आत्तीला सांगायला लागले. पण पुस्तकातला राम आंबा खायला लागला तशी ती वैतागली.

"ह्यो राम कोण आन् आंबा कुणाचा? आपल्या घरातलं काय ते सांग की."

मग मी वाक्य बदललं. आय मिल्क द बफेलो. द बफेलो इज मिल्क्ड बाय मी. ते तिला एकदम पटलं.

अभ्यासाला तिला वेळ मिळायचा तो फक्त धार काढताना. म्हशीच्या पोटाला डोकं टेकून ती दोन्ही वेळेला म्हणायची, गो, वेंट, गॉन. टेक, टूक, टेकन. शेवटी ती दोन वाक्यं. चाल मात्र दळताना म्हणायच्या ओवीची. आई चुलीपासून ओरडायची, "म्हशीला मॅट्रिकला बसिवतीस व्हय?"

पेपरच्या आदल्या दिवशी दुपारीच आत्ती वडगावला पाहुण्यांकडं मुक्कामाला गेली, सकाळच्या एसटीचा भरवसा नव्हता म्हणून. संध्याकाळी आई धारेला बसली. पेंड ठेवली, रेडकू सोडलं, चुचकारलं. म्हैस ढिम्म.

"पान्हा चोरलाय हिनं," आई म्हणाली. "आत्ती काय म्हणती गं हिच्यापाशी?"

"इंग्रजी म्हणती."

"मग म्हण की."

मी लाजत लाजत त्याच चालीत सुरू केलं. गो, वेंट, गॉन. म्हशीनं कान माझ्याकडं वळवला. टेक, टूक, टेकन झालं, वाक्यावर आले, आणि किटलीत धार वाजायला लागली. मुक्या जनावराला ओळखीचं व्हावं इतक्यांदा त्या बाईनं ते म्हटलं होतं. वर्गात कधी आला नाही तो इंग्रजीचा आदर मला त्या गोठ्यात वाटला.

"पास हुती बघ ही," आई हळूच म्हणाली.

झाली. काठावर, पण झाली, आणि प्रशिक्षणाला कोल्हापुरात राहायला गेली.

पहिल्या सुट्टीला आली ती दिवेलागणीला. पिशवी हातात तशीच धरून गोठ्याच्या दाराशी थबकली. आत शाळेची पायरीही न चढलेली माझी आई म्हशीच्या पोटाला डोकं टेकून म्हणत होती, "द बफेलो इज मिल्क्ड बाय मी."

आत्ती उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. आईनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं, पण म्हणायचं थांबवलं नाही. किटली अजून अर्धी भरायची होती.