सोफा हाबरमान आणि बर्निसबाई

बर्निस लुबाकने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. त्यामुळे आमच्या पोर्ट हॅन्लनमध्ये चाळिशीच्या आतलं असं एकही माणूस नव्हतं, ज्याला तिने कधी ना कधी "खाली बस, गाढवा" म्हटलं नव्हतं. मेयरला म्हटलं होतं, गावातल्या दोन्ही दातांच्या डॉक्टरांना म्हटलं होतं, आणि चर्चच्या धाकट्या पाद्र्याला तर चांगलं दोन-तीनदा. निवृत्त झाल्यावर ओरडायला पोरं उरली नाहीत. मग ती खेळाडूंवर ओरडायला लागली.

माझं डोनटचं दुकान तेव्हा लेक स्ट्रीटवर होतं. रोज सकाळी साडेसहाला काउंटरपाशी तीन स्टुलं भरायची. मधल्या स्टुलावर बर्निस. डावीकडे ऑगी पेत्रुची, निवृत्त प्लंबर. त्याचा देव बेसबॉल. खिशात छोटी वही, तिच्यात आमच्या गावच्या संघाच्या प्रत्येक सामन्याची पेन्सिलने केलेली नोंद. उजवीकडे रूफस टिलमन, चाळीस वर्षं टपाल वाटलेला माणूस. तो फुटबॉलवाला, आमचा अमेरिकन, हातात चेंडू घेऊन पळायचा फुटबॉल. शाळेत असताना तो संघात होता आणि तेव्हा मोडलेला गुडघा अजून त्याच्या प्रत्येक वाक्यात यायचा.

बर्निस दोन्हींवर बोलायची, पण तिचा जीव होता कुस्तीवर. शनिवारी टीव्हीवर लागते ती, चकचकीत चड्ड्यांची, खुर्च्या फेकून मारायची कुस्ती.

"अगं, ते सगळं आधी ठरलेलं असतं," रूफस म्हणायचा.

"आणि तुझा रविवारचा संघ हरणार हे ठरलेलं नसतं? अकरा वर्षं हरतोय! निदान माझे लोक हरताना तोंड तरी वेडंवाकडं करतात. तुझा तो चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक हरतो आणि बँकेच्या रांगेत उभा असल्यासारखा दिसतो."

"त्याचा खांदा दुखावलाय."

"त्याची अक्कल दुखावलीय, रूफस."

ऑगी मध्ये वही काढायचा आणि आकडे वाचायला लागायचा. मग ती दोघं एकदम त्याच्यावर तुटून पडायचे.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. त्या उन्हाळ्यात आमच्या संघात ट्रेंट हाबरमान नावाचा खेळाडू आला. नेब्रास्काचा, चोविशीतला, सव्वासहा फूट उंच आणि फ्रीजसारखा रुंद. पहिल्या बेसवर, म्हणजे मैदानातल्या पहिल्या ठाण्यावर, उभा राहायचा. शंभर वेळा बॅट घेऊन उभा राहिला तर जेमतेम एकोणीस वेळा धड काही हाती लागायचं. क्षेत्ररक्षणात मात्र तो प्रत्येक चेंडूवर असा काही झेप घ्यायचा की सगळं मैदान उठून उभं राहायचं. चेंडू बाजूने निघून जायचा. हाबरमान धुळीत आडवा.

दुकानाच्या भिंतीवर फोन होता. नऊ वाजता गावातल्या रेडिओवर खेळांचा कार्यक्रम सुरू झाला की बर्निस तो फोन उचलायची. तिने रेडिओचा नंबर फिरवून फिरवून माझ्या फोनवरचे आकडे पुसले गेले होते.

"लेक स्ट्रीटवरून बर्निस बोलतेय," ती सुरू करायची. "मी काय म्हणते, त्या हाबरमानच्या जागी एक सोफा ठेवा. खरंच ठेवा. सोफ्याला पगार द्यावा लागत नाही, आणि चेंडू निदान उशीला लागून थांबेल तरी!"

गावाला हे फार आवडलं. पुढच्या सामन्याला लोक घरातल्या उश्या घेऊन गेले. हाबरमान खेळायला आला की सगळे "सोऽफा! सोऽफा!" ओरडायचे. बर्निस पहिल्या रांगेत बसून ते ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच शोधून काढल्यासारखी सांगायची. शोधून तिनेच काढलं होतं म्हणा.

जुलैमध्ये रेडिओवाल्याने खोडी काढली. बर्निसचा फोन आला आणि तिने सोफ्याला हात घातल्याबरोबर तो म्हणाला, "बर्निस, जरा थांबा. आज स्टुडिओत माझ्यासमोर पाहुणे बसलेत. ट्रेंट हाबरमान."

दुकानातल्या रेडिओवर आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. मी कॉफी ओतायची थांबलो. रूफस पुटपुटला, "आता ठेव फोन."

बर्निसने फोन ठेवला नाही. घसा खाकरला. "बरं झालं बसलेत," ती म्हणाली. "बसण्यात त्यांचा हात कोण धरणार."

पलीकडून एक जाड, सावकाश आवाज आला. "मॅडम, तुम्ही रोज सामना बघता का?"

"रोज."

"मग सांगा ना, माझं चुकतं काय? प्रशिक्षक मला नुसतं 'जोर लाव' म्हणतो."

बर्निसने फोनच्या वायरला बोटाने एक वेढा दिला. "एकतीस वर्षं मी आरशातून मागच्या बाकावरची पोरं बघितलीत," ती म्हणाली. "कोण कधी काय करणार ते खांद्यावरून कळतं. चेंडू यायच्या आधीच तुझे डोळे मिटतात. मारायची भीती नाही तुला, चुकायची आहे. पण एक सांगते. असं सुंदर पडणारा माणूस मी मैदानावर दुसरा बघितला नाही. तू चुकीच्या धंद्यात आहेस, बाळा. कुस्तीत जा."

सगळं गाव हसलं. हाबरमान हसला की नाही, ते रेडिओवर कळलं नाही.

ऑगस्टमध्ये संघाने त्याला काढून टाकलं. ऑगीने वहीत त्याच्या नावाखाली रेघ मारली आणि त्या दिवशी डोनट अर्धाच खाल्ला. बर्निसने आठवडाभर रेडिओला फोन केला नाही. मग फुटबॉलचा मोसम सुरू झाला आणि तिला क्वार्टरबॅक सापडला.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये दुकानाचं दार उघडलं आणि त्यात न मावणारा माणूस तिरका होऊन आत आला. हाबरमान. हातात एक पत्रक. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी कुस्ती, तिकीट सहा डॉलर. आणि पत्रकावर, फुलाफुलांच्या सोफ्याच्या कापडाचा झगा घातलेला, तो स्वतः. खाली मोठ्या अक्षरांत: सोफा हाबरमान.

"तुम्ही सांगितलंत म्हणून शिकलो," तो म्हणाला. "ॲक्रनला एक जण शिकवतो. मी खलनायक आहे. समोरच्याच्या अंगावर बसतो."

बर्निसने पत्रक नाकाजवळ धरून वाचलं. "झगा कोणी शिवला?"

"मीच. आईच्या पडद्यांचा."

"तरीच."

"एक काम होतं तुमच्याकडे, बर्निसबाई. प्रत्येक खलनायकाबरोबर कोणीतरी लागतं. मी असं ठरवलंय की माझ्याबरोबर एक मावशी येईल. सोफ्यावर प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवणारी. मी रिंगमध्ये जायच्या आधी ती माझ्यावरचं कव्हर काढून घडी घालेल. आणि पंच बघत नसेल तेव्हा समोरच्याला पर्स मारेल. एकदाच."

रूफसला कॉफीचा ठसका लागला. ऑगी म्हणाला, "ही बाई फुकटात मारेल."

बर्निस हो म्हणाली. तीन आठवडे ती माझ्या दुकानात कोणाला बोलू देईना. कोणती पर्स, कोणते बूट, गाऊन निळा की गुलाबी. अडुसष्ट वर्षांची बाई, आणि पहिल्यांदाच नाचायला निघाल्यासारखी.

त्या रविवारी हॉल खच्चून भरला. निम्मे लोक तिच्या बसमधले. बर्निस गुलाबी गाऊन घालून आली, डोक्याला कर्लर लावलेले. कव्हर काढलं, झकास घडी घातली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. इथवर सगळं चांगलं झालं. मग कुस्ती सुरू झाली. हाबरमान पडला की फळ्या अशा वाजायच्या की पुढच्या रांगेतल्यांचे दात हलायचे. ठरल्याप्रमाणे त्याने पंचाला बोलण्यात गुंतवलं, आणि आता पर्सची वेळ आली.

बर्निस उभी राहिली आणि तिला काहीच आठवेना. कोणाला मारायचं, कधी मारायचं, सगळं कोरं. लोक ओरडताहेत, "मार, बर्निसबाई, मार!" हाबरमान डोळ्यांनी खुणावतोय. शेवटी तिने पर्स फिरवली आणि वळलेल्या पंचाच्या कानशिलात हाणली. पर्समध्ये, मागाहून कळलं, खऱ्या किल्ल्यांचा जुडगा होता. पंच खरोखर खाली बसला. प्रतिस्पर्धी गोंधळला, हाबरमान गोंधळला, आणि कुणीच न ठरवलेल्या निकालावर ती कुस्ती संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. वाट बघत बसली होती, कोण काय म्हणतंय.

ऑगीने वही काढली. "एक प्रयत्न, शून्य यश, एक जखमी," त्याने वाचलं.

"फिरवताना तुझा उजवा खांदा पडतो," रूफस म्हणाला. "आणि गुडघा वाकत नाही. माझा मोडका गुडघा यापेक्षा जास्त वाकतो. खरं सांगू? बँकेच्या रांगेत उभी असल्यासारखी दिसत होतीस."

हे हसण्यावारी जाईल असं मला वाटलं होतं. बर्निस उठली. कॉफी तशीच. "तुम्ही दोघांनी आयुष्यात एकदा तरी तिथे उभं राहून बघा," ती म्हणाली. दार आपटून ती गेली. नऊ वाजता रेडिओ लावला तर तिथेही तेच. कोणीतरी फोन करून सांगत होतं, बर्निसबाईपेक्षा कपड्यांचं हँगर बरं.

अकरा दिवस मधलं स्टूल रिकामं राहिलं. ती हायवेवरच्या दुकानात कॉफी पिते, अशी बातमी आली. तिथली कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. ऑगी आणि रूफस एकमेकांशी भांडूनही बघायचे, पण मध्ये कोणी नसलं की भांडण रंगत नाही.

बाराव्या दिवशी हाबरमान आला आणि मला म्हणाला, "टेड, चल." मी डझनभर डोनट पिशवीत भरले आणि त्याच्या ट्रकमध्ये बसलो.

बर्निसने दार उघडलं, पण साखळी काढली नाही. "मी सोडलंय," ती फटीतून म्हणाली. "दुसरी मावशी बघ."

"तुम्ही मला रेडिओवर एक्केचाळीस वेळा सोफा म्हणालात," हाबरमान म्हणाला.

"एवढं नाही म्हटलं."

"मी मोजलं. संघाच्या बसमध्ये ड्रायव्हर मुद्दाम तो कार्यक्रम लावायचा. एक्केचाळीस. आणि प्रत्येक वेळी मी दुसऱ्या दिवशी मैदानावर गेलो, बर्निसबाई. तुमचे अजून दोनच झालेत. तीन, तो हँगर धरला तर."

तिने दार साखळीच्या टोकापर्यंत ओढलं. मग म्हणाली, "वाईट वाटायचं?"

"फार."

"बोलला नाहीस कधी."

"तुम्ही बोलायला कुठे देता?"

साखळी निघाली. तिने पिशवीतले डोनट बघितले आणि मला म्हणाली, "जेलीचे नाही आणले का रे, मूर्खा?" तेव्हा मला कळलं की काम झालं.

दुसऱ्या सकाळी ती आली, पर्स काउंटरवर आपटली आणि रूफसला म्हणाली, "खांदा पडतो म्हणालास. कुठे? दाखव." रूफस उठला. मोडका गुडघा सावरत त्याने तिला पाय कसे ठेवायचे ते दाखवलं. ऑगीने कंबर वळवायची तऱ्हा सांगितली, बॅट फिरवतात तशी. सकाळभर तिघांनी सराव केला. साखरेच्या दोन बरण्या फुटल्या आणि एक गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं.

पुढच्या रविवारी बर्निसची पर्स नेमक्या वेळी, नेमक्या डोक्यात बसली. किल्ल्या काढून टाकल्या होत्या. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. पुढे चार वर्षं, खुबा दगा देईपर्यंत, ती सोफ्याची मावशी होती. रेडिओला ती तशीच फोन करायची, तितकीच कडू. क्वार्टरबॅकची शेवटपर्यंत गय केली नाही. फरक इतकाच की कधी कधी एखाद्याची पुरती सालं काढून झाल्यावर जरा थांबायची आणि म्हणायची, "पण आला खेळायला. ते आहे."

ती गेली तेव्हा पंचाहत्तरीची होती. चर्च भरलं होतं. हाबरमान आता ॲक्रनला सिमेंटचा ट्रक चालवतो. तो तिसऱ्या बाकावर बसून लहान पोरासारखा रडत होता. धाकटा पाद्री, आता तो काही धाकटा राहिला नव्हता, बोलायला उभा राहिला आणि पहिल्याच वाक्यात अडखळला.

"सुरुवात ढिली," रूफस माझ्या कानाशी म्हणाला.

"दम धर," ऑगी पलीकडून कुजबुजला. "हा शेवटी शेवटी रंगतो."

मागच्या बाकावरून कोणीतरी आम्हाला श्शूऽ केलं.