बोटभर लहान भाकरी

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. शेवटपर्यंत ठेवले तर धीर होत नाही.

युद्धाच्या काळात मी कर्जतला एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो. दहिवलीच्या वाटेवर निराधार मुलांचे सरकारी बालगृह होते. तिथे मुलांचे धान्य मधल्या मधे जिरते, असा मला संशय. म्हणून दुपारच्या पंगतीला मी रोज दाराशी उभा राहू लागलो. चार दिवस घोटाळा सापडेना, तेव्हा मी अगदी खट्टू झालो. पाचव्या दिवशी सापडला. सगळ्यांना सारखी भाकरी, फक्त कोपऱ्यातल्या एका मुलीला बोटभर लहान. आणखी तीन दिवस पाहिले, रोज तेच. मी दोन रकाने लिहिले आणि स्वयंपाकीणबाईंना ‘पाषाणहृदयी’ म्हटले. त्या शब्दावर मी आठवडाभर खूश होतो.

मग अलिबागहून जिल्ह्याचे साहेब चौकशीला निघाले, आणि आदल्या दिवशी त्या बाई माझ्या दारात आल्या.

“दादा, ती माजीच पोर हाय. आईवाली पोर हितं घेत नाय, म्हनून कागदावर तिला आई नाय. तिच्या ताटात माजा हात सैल सुटंल नि कोन वळखंल, म्हनून आखडता घेते.”

“कुणाला कळलं नव्हतं?”

“तुमीच एकले रिकामे व्हता. आता मला काडतील, नि तिलाबी.”

साहेबांनी फूटपट्टी आणली होती. मुले ताटावर ताटकळत असताना त्यांनी भाकऱ्या मोजल्या. त्या दिवशी सगळ्या सारख्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

“मला डाव्या डोळ्याने कमी दिसते,” मी म्हणालो. “मुलगी डावीकडे बसते.”

हे मी लेखीही दिले. साहेबांनी मला चष्मा घ्यायला सांगितले. पण पेपरात आले म्हणजे काहीतरी करणे भागच होते. त्यांनी हुकूम काढला: बाईंनी या मुलीसमोर स्वतः बसावे, आणि ती पोटभर जेवेपर्यंत उठू नये.

“रोज, साहेब?” बाईंनी खाली मान घालून विचारले.

“रोज. शिक्षाच समजा.”

मी दिलगिरी छापली. संपादकांनी मला जत्रांच्या बातम्यांवर बसवले. महिन्याभराने, बिननंबरचा चष्मा लावून, मी पंगतीकडे डोकावलो. मुलीने ताट सरकवले होते.

“बाई, पुरे,” ती आपल्या आईला म्हणाली. इतकी लहान, पण एकदाही चुकली नाही.

“गप खा गं,” बाई म्हणाल्या. “सायबांचा हुकूम हाय.”