नावेला विचारून घ्यायची मोटर

फोन आला तेव्हा मी चंद्रपुरात, शाळेच्या स्टाफरूममध्ये सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. पलीकडून कुसुमवहिनी इतकंच म्हणाली, "सुनंदाबाई, तुमचे भाऊ तलावात गेले." मला वाटलं, रोजच जातात की. मग ती रडायला लागली, आणि 'गेले' या शब्दाचा अर्थ मला कळला...

त्याला आता काही आठवडे झाले. रडणं ओसरलं आहे. राग ओसरलेला नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी श्रद्धांजली वाहताना एक गृहस्थ माईकवर म्हणाले, सुधाकर सरांना पाण्याचं वेड होतं, आवडत्या जागीच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. मी तिथेच उठून बोलणार होते, वहिनीने माझा हात दाबून धरला. तेव्हा बोलले नाही ते आता लिहिते. माझा भाऊ आवडीपायी मेला नाही. तो एका चुकीच्या मोटरीमुळे मेला, आणि ती चुकीची आहे हे त्याने सगळ्यांना आधीच सांगितलं होतं.

आम्ही कोरपन्याकडचे. बाबा सिमेंटच्या कारखान्यात मजुरी करायचे. भाऊ आयटीआयमध्ये वीजतंत्री विषयाचा निदेशक झाला, तेव्हा बाबांनी त्याचा नेमणुकीचा कागद अख्ख्या वस्तीत फिरवून दाखवला होता. माणूस तापट. पोरं त्याला टरकून असायची, आणि नोकरीला लागली की त्यालाच पहिला फोन करायची. निवृत्त झाल्यावर त्याने आलापल्लीच्या पुढे, वहिनीच्या माहेरगावी, तलावाकाठी घर बांधलं. त्या तलावाच्या पाण्याखाली सागाची खुंटं उभी आहेत. तलावाची पाळ, म्हणजे बांध, घातला तेव्हा झाडं कुणी मुळासकट काढलीच नाहीत. दुपारी वारं सुटलं की ओल्या जाळ्यांनी जड झालेली नाव वल्हवून काठाला आणताना मासेमारी करणाऱ्या ढिवरांचे खांदे भरून येतात. जनाबाईच्या नवऱ्याचा खांदा तर कायमचा गेला होता. मासेमारी तिच्या एकटीवर आली, तेव्हा ती भाऊकडे आली.

"सर, नावेले लावाची बॅटरीवाली मोटर भेटते म्हंते. मोठ्यात मोठी कोनती हाये?"

"मोठी काऊन? तुह्या नावेले काय पाहिजे ते आधी नावेले विचार."

आणि त्याने खरंच नावेला विचारलं. ओली जाळी, माशांच्या क्रेटइतके दगड, जनाबाई आणि तो स्वतः असे नावेत बसले. पाणी फळीवर कुठवर चढतं ते त्याने बघितलं. त्या वजनाला वाऱ्याविरुद्ध ढकलेल इतका जोर मोटरीत हवा. दांडा इतकाच लांब हवा की लाटेतही पंखा पाण्याखाली राहील आणि खुंटांवर आपटणार नाही. पंख्याची पाती अशी हवीत की शेवाळ गुंडाळलं जाणार नाही. आणि बॅटरी ट्रॅक्टरची नको. ट्रॅक्टरची बॅटरी इंजिनाला एक जोरदार धक्का देते आणि दमते. नावेला हळूहळू, शेवटपर्यंत पुरणारी लागते. हे सगळं तो मला फोनवर ऐकवायचा. एकदा मी वैतागून म्हणाले, "भाऊ, मोटर घेऊन राह्यला का पोरीसाठी स्थळ पाहून राह्यला?"

"स्थळ चुकलं तं पोरगी माहेरी तरी येते, सुनंदा. हे चुकलं तं मानूस नाई येत." आणि हसला होता.

जनाबाईची मोटर उत्तम चालली. ते बघून मच्छीमार सोसायटीनेही मोटरी आणायचं ठरवलं. भाऊला विचारलं नाही. एक दिवस गाडीभर मोटरी उतरल्या, हार घातले गेले, फोटो निघाले. भाऊने खोकी उघडली. आखूड दांडे, आणि खाली ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या, वर भलतंच स्टिकर. त्याने भर बैठकीत सांगितलं, "ह्या वापस करा. दुपारच्या वाऱ्यात मानसं अडकतील."

अध्यक्ष म्हणाले, "सर, फोटो निघाले आता. वापस कशा करू? तुमच्या तोंडच्या गोष्टीवर कोन इस्वास ठेवते? दाखवा अडकून."

दाखवा अडकून. हे दोन शब्द नव्हतेच, धक्का होता तो... आणि माझ्या तापट भावाने तो मनाला लावून घेतला. दुसऱ्या दिवशी भर वाऱ्यात त्याने सोसायटीची नवी मोटर लावून एक नाव काढली, तिच्यात ओली जाळी भरली, आणि मोबाईलवर चित्रण करत एकटाच तलावाच्या मध्यावर गेला. पंखा लाटेतून वर येऊन हवेत फिरायला लागला, मग बॅटरीने मान टाकली. नाव वाऱ्याला आडवी झाली आणि खुंटाला लागून उलटली. भाऊ पट्टीचा पोहणारा, पण पाय जाळ्यात गुंतले. जनाबाईने काठावरून बघितलं. त्यानेच निवडलेली मोटर लावून ती वाऱ्याविरुद्ध त्याच्यापर्यंत पोहोचली, त्याला बाहेर ओढलं. उशीर झाला होता. मोबाईल तळाशी गेला.

कागदोपत्री 'वादळी वाऱ्याने नाव उलटली' असं लिहिलं गेलं. वादळ कसलं? ते वारं रोज येतं. मोटरी आता शेडमध्ये ताडपत्रीखाली पडल्या आहेत. चुकल्या असं कुणी म्हणत नाही, आणि त्या नावेला लावायची हिंमतही कुणी करत नाही. मी अध्यक्षांना भेटले. ते चपलांकडे बघत म्हणाले, "ताई, सरांनी एकट्यानं जायाले नव्हतं पाहिजे." सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? एवढं एक ते खरं बोलले.

जनाबाईवरही मी भडकले. "त्याला लाइफ जॅकेट काऊन नाई घालाले लावलं?"

ती शांतपणे म्हणाली, "हातात देल्लं होतं ताई. म्हने, राहू दे, आत्ता येतो."

आत्ता येतो. दुसऱ्यांच्या नावेचं वजन, खोली, वारं, सगळं मोजणारा माणूस, स्वतःच्या वेळी एक जॅकेट अंगात घालत नाही. अध्यक्षांना मी माफ करणार नाही, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांवर स्टिकर लावून विकणाऱ्या त्या दुकानदारालाही नाही. पण त्यांच्यावरचा राग कुठेतरी नेऊन टाकता येतो. भाऊवरचा घेऊन मी कुठे जाऊ?

गेल्या रविवारी वहिनीकडे राहिले. संध्याकाळी भाऊच्या खोलीतून घुमल्यासारखा आवाज येत होता. आत त्याच्या टेबलावर चार्जर, आणि त्याला लावलेली जनाबाईची बॅटरी. तिच्याकडे वीज धड टिकत नाही, म्हणून भाऊच रोज इथे चार्ज करून द्यायचा. मी म्हणाले, "वहिनी, अजून हे चालूच?"

"मंग? सकाळी ती जाते ना जाळे टाकाले. हे असते तं लावलीच असती."

भाऊच्या खुर्चीत मी बसून राहिले. दिवा हिरवा झाला तशी उठले. आधी बटन बंद केलं, मग एकेक चिमटा काढला. लहानपणी हे उलटं केलं म्हणून त्याने माझ्या पाठीत धपाटा घातला होता. मग दार लोटून घेतलं आणि त्या रिकाम्या खुर्चीला, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात, जे बोलायचं होतं ते सगळं बोलले. वहिनीने बाहेरून दोनदा हाक मारली. मी थांबले नाही.