आडनावावरून स्वागत

आमच्या घरात वर्तमानपत्राआधी पत्रकं यायची. वडील ती बेंबळीच्या बाजारात वाटायचे आणि उरलेल्या गठ्ठ्यावर मी वाचायला शिकले. त्यामुळे लोकांपुढं गेलेल्या वाक्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते, हे मला फार लवकर कळलं.

धाराशिवला ट्रॅक्टर, मळणीयंत्रं भाड्यानं मिळवून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी चॅटबॉट बनवत होते. मोबाइलवर कुणी पहिल्यांदा मेसेज केला की त्याचं स्वागत करायचं, काय हवं ते विचारायचं, एवढंच त्याचं काम. तो सुरू व्हायच्या दिवशी सकाळी मालक माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. नुसता 'नमस्कार' त्यांना बँकेसारखा कोरडा वाटत होता. आधी पूर्ण नाव विचारायचं, आडनावावरून ओळखायचं आणि ज्याला त्याला त्याच्या शब्दात नमस्कार करायचा: राम राम, जय भीम, सलाम. माणूस खूश होतो, असं त्यांचं म्हणणं.

मी म्हणाले, "हे मी लिहिणार नाही. ही जात विचारणंच झालं."

"जात कोण विचारतंय, ताई? आडनावावरून न्हाय कळलं तर गाव विचारू, पाव्हणे कुठले ते विचारू. आपल्याकडं बोलणं असंच सुरू होतं की."

ते खरं होतं, म्हणूनच मला राग आला. एसटीत शेजारी बसलेली बाई याच प्रश्नांनी माझ्या जातीपर्यंत पोचते आणि मग आपली पिशवी उचलून मांडीवर घेते. आता ते काम यंत्र करणार होतं, न थकता.

मला जमत नसेल तर दुसरे लोक आहेत, असं मालकांनी शांतपणे सांगितलं. माझी ती पहिलीच नोकरी. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडून त्यांनी नमुना आधीच करून घेतला होता. दाखवण्यासाठी त्यांनी त्यात माझंच नाव टाकलं. पडद्यावर 'राम राम' उमटलं.

"बघा, कसं घरच्यासारखं वाटतं."

"आमच्या घरी जय भीम म्हणतात."

सहकाऱ्याचं टायपिंग थांबलं. आमचं आडनाव मराठ्यांतही असतं आणि आमच्यातही. इतके महिने मला कोण समजून मालक चहा पाजत होते, ते आता त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं.

"आधी बोलायचं ना, ताई."

"का? काय बदललं असतं?"

मालक पडद्याकडं बघत म्हणाले, "असं चुकलं तर गिऱ्हाईक परत यायचं न्हाय. काढून टाका."

"चुकतं म्हणून नाही. बरोबर आलं असतं तरी काढायचंच होतं."

"कारण कायबी असू द्या. काढताय ना?"

मी काढलं. संध्याकाळी बॉट सुरू झाला. येरमाळ्याच्या कुणीतरी पहिला मेसेज केला, बॉटनं नमस्कार केला, त्यानं रोटाव्हेटर मागितला आणि त्याला तो मिळाला. मालक दुसऱ्या दिवसापासून मला ताईऐवजी मॅडम म्हणू लागले.