हुरडा जळाला तेव्हा

ज्वारीचा हुरडा भाजल्याचा वास आला की मला बुलढाण्याकडच्या उंद्रीचं आमचं शेत आठवतं, आणि प्लास्टिकच्या लाल खुर्चीत अवघडून बसलेली आई.

पुण्यात मी नुकतंच भाषाविज्ञान शिकायला लागले होते. लोक बोलतात ते जसंच्या तसं कसं टिपायचं, हे शिकवायला सरांनी अख्खा वर्ग आमच्या गावी आणला. माझ्या वऱ्हाडीवर हॉस्टेलात सगळे हसायचे, म्हणून आदल्या दिवशी मी आईला बजावलं होतं, "उद्या शुद्ध बोल."

ती तशीच बोलली. "आम्ही शेतात काम करतो. आम्हाला खूप आनंद होतो." सरांनी पेनाला टोपण लावलं.

तेवढ्यात आगटीकडून जळका वास आला. तिथे बसलेल्या बाबांवर आई कडाडली, "आवो, हुरडा जळून राह्यला ना! काऊन नुसते पाहून राह्यले तुमी?"

वर्गातली सगळी पेनं एकदम चालू लागली. आई गोंधळून माझ्याकडे वळली. "काऊन व, चुकली का मी?"

"नाही काकू," सर म्हणाले. "आमच्या विद्येत बोलणारा चुकत नसतो. चुकतो तो ऐकणारा."

तेव्हा माझी मान खाली गेली होती. आता बुलढाण्याच्या कॉलेजात पहिल्याच तासाला मी हे सांगते, आणि आईचं पुढचं वाक्य तर तिच्याच ठसक्यात. पदर खोचून, खुर्चीत ऐसपैस बसत ती म्हणाली होती, "मंग लिवा. मी सांगून राह्यली."